नाल्याचं पान

पीएचडीच्या पहिल्याच प्रकरणात माणूस एवढा कसा अडकतो, असं कुणी विचारलं की माझं टाळकं सरकतं. अरे बाबा, तुम्ही लिहून पाहा ना. विषय पर्यावरणाचे गुन्हे आणि पर्यावरणाची हानी, आणि पहिलं प्रकरण म्हणजे या अभ्यासाचा सुरुवातीचा इतिहास. कुणी सुरू केला, कधी, काऊन. एवढं लिहायला मी कुरखेड्याचं घर सोडून एटापल्लीला खोली घेऊन बसले होते. बसले होते म्हणायचं फक्त. बसणं सोडून बाकी सगळं चालू होतं. दोन ओळी लिहायच्या, उठायचं, चहा टाकायचा, दाराशी उभं राहून लाल धूळ उडवत जाणारे टिपर बघायचे, पुन्हा येऊन त्या दोन ओळी खोडायच्या.

इतिहास तसा लांबलचक नाही. गुन्ह्यांचा अभ्यास करणारी विद्वान मंडळी वर्षानुवर्षं चोर, दरोडेखोर आणि खुनी यांच्याच मागे लागलेली. नदीत विष सोडणारा त्यांच्या लेखी गुन्हेगार नव्हताच, त्याच्याकडे तर परवाना असायचा. मग नव्वद सालच्या आसपास परदेशातल्या काही लोकांनी विचारायला सुरुवात केली, की कायद्यात बसतं म्हणून ते नुकसान नाही का? पुढे त्यांच्यातलेच काही म्हणाले, ज्याचं नुकसान झालं तो माणूसच असला पाहिजे हे ठरवलं कुणी? झाड, मासा, नदी, यांना काऊन धरायचं नाही? झालं. एवढंच. पण आमचे गाईड सर मोठे चिकट. मी मजकूर पाठवला की समासात तोच शेरा मारून परत: 'पीडित कोण? स्पष्ट करा.' खेपेगणिक तोच. एकदा तर मी लॅपटॉप असा आपटला, की घरमालकीण बघायला आली.

असं डोकं फिरलं की मी स्कूटी काढून इरुकटोल्याला जायची. हाडं खिळखिळी करणारा रस्ता, पण शेवटी सुकरीबाईचं घर. अभ्यासासाठी गावात राहायचं तेव्हा मी तिच्याकडेच उतरायची. सुकरीबाई विधवा, तिचा एकुलता पोरगा रोशन वरच्या डोंगरावरच्या लोखंडाच्या खाणीत टिपर चालवायचा. आणि तिचं एकच वावर, नाल्याच्या वळणावर, अगदी काठाला लागून. धानाचं. सासऱ्याने जंगल साफ करून बांध घातलेलं ते वावर दाखवताना ती आवाज खाली आणायची, तिथे कुणी झोपलं असल्यासारखं.

गेल्या पावसाळ्यात डोंगरावरून लाल पाणी उतरलं. खाणीवाल्यांनी धुऊन टाकलेल्या मातीचा ढीग वाहून नाल्यात आला आणि नाला वळणावर सुकरीबाईच्या वावरात शिरला. पाणी ओसरलं तेव्हा धानाच्या बुडाशी वीतभर लाल गाळ. रोपं उभ्याउभ्या पिवळी पडली. त्याच दिवसांत गावाने नवं खाल्लं. नवं धान घरात शिजण्याआधी भूमियाने, म्हणजे गावच्या देवाचं आणि जमिनीचं बघणाऱ्याने, पहिला घास नाल्यात सोडायचा, मासे वर येऊन तो घास घेऊन गेले की नाला जेवला, मग माणसांनी जेवायचं, अशी इथली रीत. यंदा घास सोडला, पण पाणी एवढं लाल, की कुणाला काही दिसलं नाही. जेवला असेल, असं धरून लोक घरी गेले. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

मग गावाने खाणीवर पंच बसवले.

हे ऐकलं तेव्हा मी खरंच नाचले. म्हाताऱ्या पोचू भूमियाने सभा बोलावली आणि ठरलं, की वावर नासवणाऱ्याला गावच्या रिवाजाप्रमाणे दंड. एक बोकड, तांदूळ, मोहाची दारू, आणि सगळ्यांसमोर हात जोडून चूक कबूल. कागद नाही, शिक्का नाही. रोशनच्या हाती खाणीवर निरोप गेला. मी मनात प्रकरणाचा मथळासुद्धा ठरवून टाकला. परदेशातल्यांचं राहू द्या म्हटलं, आमच्या एटापल्लीत बघा.

खाणीवरून कुणी येणार नाही, अशी माझी खात्री होती. आणि आला. जीपमधून बोकड उतरवत धम्मदीप आला.

धम्मदीप माझ्याबरोबर गडचिरोलीला समाजकार्य शिकायला होता. एकाच बाकावर बसायचो, एकाच डब्यातून जेवायचो, बाबासाहेबांच्या जयंतीला एकाच ट्रॅक्टरवर उभं राहून घोषणा द्यायचो. त्याचा प्रकल्प कशावर होता ठाऊक आहे? गोंडांच्या गावपंचायतीचे रिवाज. आता तो कंपनीत गावांशी संबंध ठेवायच्या खात्यात होता, शर्टाच्या खिशावर कंपनीचं नाव शिवलेलं. मला बघून जयभीम म्हणाला आणि खाली बघितलं. नंतर मात्र एकदाही चुकला नाही. चपला बाहेर काढल्या, मांडी घालून जमिनीवर बसला, हात जोडले, सगळ्यांसमोर म्हणाला की कंपनीची चूक झाली. पोचू भूमियाचे डोळे भरून आले. आजवर मोठ्या माणसाने त्या गावापुढे हात जोडलेले कुणी पाहिले नव्हते.

बोकड शिजला. रिवाज असा, की ज्याचं नुकसान झालं त्याच्यापुढे पहिलं पान मांडायचं. त्याने पहिला घास घेतला की मग गावाने जेवायचं, आणि गाव जेवलं की ती गोठ, म्हणजे ते सगळं प्रकरण, बुजली. पुन्हा त्यावर कुणी तोंड उघडायचं नाही. पळसाच्या पानांची पत्रावळ सुकरीबाईपुढे मांडली, तिने घास घेतला, मग सगळे जेवले. मीही जेवले, बोटं चाटून जेवले.

हात धुताना धम्मदीप माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, की कोर्टात गेली असती तर ही केस आपण म्हातारे होईपर्यंत चालली असती, इथे एका जेवणात मिटली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. लाल माती तिथेच होती. ढीग तिथेच होता. पुढचा पावसाळा यायचाच होता. मिटलं होतं ते फक्त तोंड.

"तू हे ठरवून केलं," मी म्हटलं.

"दंड गावानं लावला, रिना," तो म्हणाला. "मी फक्त भरला."

आणि हे खोटंही नव्हतं, त्यामुळे तर मला जास्त राग आला. त्या दिवशी मी स्कूटी अशी हाणली, की एटापल्लीच्या वेशीवर पडले आणि गुडघा फोडून घेतला.

थंडी सुरू झाली तसं कळलं, की कुणीतरी दूरवरून केलेल्या तक्रारीवर चौकशी समिती येणार आहे. तीन माणसं, एक दिवस. नाला बघणार, गावाचं ऐकणार आणि अहवाल देणार. अहवालात नुकसान लिहिलं गेलं, तर ढिगाला खालून पक्की भिंत बांधल्याशिवाय खाण पावसाळ्यात माती धुऊ शकणार नव्हती. नाही लिहिलं गेलं, तर पुढच्या लाल पाण्यात सुकरीबाईचं वावर कायमचं जाणार होतं. वीतभर गाळाखालून वावर एकदा कसंबसं सावरतं. हातभर गाळाखालून नाही.

आणि नाला तेव्हा दिसायला कसा होता सांगू? आरशासारखा. पाऊस थांबून महिने झालेले, गाळ तळाशी बसलेला, वर पाणी नितळ. बाहेरचा माणूस ओंजळीने प्यायला असता. समितीला सांगायला हवं होतं ते सुकरीबाईनेच, कारण दुसऱ्याच्या वावराबद्दल दुसरा बोलत नाही, हीही तिथली रीतच. आणि सुकरीबाई बोलायला तयार नव्हती.

"जेवली ना मी," ती म्हणाली. "आता कोन्त्या तोंडानं बोलू?"

मी काय काय नाही केलं. समजावलं. रागावले. एकदा रडलेसुद्धा, लाज सोडून. पोचू भूमियाकडे गेले, तर तो शांतपणे म्हणाला, की जेवलेली गोठ उकरणाऱ्याला गाव आग देत नाही, पाणी देत नाही, त्याच्या धानाच्या रोवण्याला कुणी जात नाही आणि तो मेल्यावर खांदा द्यायलाही कुणी येत नाही. हे तो धमकी म्हणून सांगत नव्हता, पाऊस कधी येतो ते सांगावं तसं सांगत होता. रोशन भेटला, तर त्याचं वेगळंच. आई बोलली तर आपली नोकरी गेली, असं तो म्हणाला, आणि मग टिपरचं टायर उगाच लाथेने ठोकत उभा राहिला. जाताना म्हणाला, की नाल्याचं त्यालाही वाईट वाटतं. लहानपणी तो पाण्यावर तळहात आपटून मासे बोलवायचा म्हणे, आणि मासे यायचेसुद्धा.

त्या दिवसांत माझं मन एका जागी ठरत नव्हतं. एटापल्लीत असले की इरुकटोल्याची ओढ, इरुकटोल्यात असले की तिथून पळून जावंसं वाटायचं. अहेरीला बाजाराच्या दिवशी गेले तर भाजी न घेताच परत आले. आई फोनवर म्हणायची, दुसऱ्याच्या गावच्या भानगडीत काऊन पडतेस, आपलं लिहून मोकळी हो. मी फोन ठेवून द्यायची आणि मग वाईट वाटून पुन्हा लावायची.

समिती यायच्या आदल्या सकाळी मी सुकरीबाईबरोबर वावरात होते. ती कुदळीने बांधाजवळचा गाळ खरवडत होती. एकटी बाई कुदळीने किती काढणार? पण काढत होती. तेवढ्यात माझ्या मोबाईलवर सरांचा मेल आला. सहाव्या की सातव्या खेपेचं पहिलं प्रकरण, आणि समासात तेच. मी एवढ्या मोठ्याने शिवी हासडली, की सुकरीबाई कुदळ टाकून बघायला लागली.

"का झालं वो?"

मी सगळा राग तिच्यावर काढला. म्हटलं, एक मास्तर आहे माझा, त्याला काही दिसत नाही. मी त्याला इथलं सगळं लिहून पाठवते, वावर, गाळ, बोकड, पंच, आणि तो येडा एकच विचारत बसतो, की पीडित कोण. म्हणजे नुकसान नेमकं कुणाचं झालं. आता तू इथे समोर उभी आहेस, हातात कुदळ, तुझं वावर मेलंय, आणि त्याला अजून विचारायचंय की नुकसान कुणाचं! त्याला वाटतं फक्त माणूस धरून भागत नाही, मासेही मोजा, पाणीही मोजा. परदेशातले लोक असं म्हणतात म्हणे.

सुकरीबाई नाल्याकडे बघत राहिली. मला वाटलं, तिला कळलं नाही, आणि मी पुन्हा समजावू लागले, तर तिने हाताने थांबवलं.

"पयलं कोनाकडे आलं ते लाल पानी?" तिने विचारलं.

"नाल्यात."

"मंग माह्याकडे?"

"मग तुझ्याकडे."

"मंग पयलं पान माह्यापुढं काऊन मांडलं?"

आणि ती चालायला लागली. कुदळ तिथेच. मी मागे धावले. ती सरळ पोचू भूमियाच्या अंगणात गेली आणि तिथे गोंडीत जे बोलणं सुरू झालं, त्यातलं मला निम्मंअर्धं कळलं. पोचू आधी चिडला. जेवलेली गोठ उकरतेस म्हणून ओरडला. सुकरीबाईही ओरडली, आणि ती ओरडताना मी पहिल्यांदा बघितली. तिचं म्हणणं एवढंच, की जेवणच पुरं झालेलं नाही. ज्याचं आधी नुकसान झालं त्याचं पान मांडायचंच राहून गेलं. आपण नव्या धानाला नाल्याला आधी जेवू घालतो आणि दंडाच्या बोकडाला त्याला विसरलो, हे कोणत्या रिवाजात बसतं?

पोचूची चिलीम पेटवायची राहून गेली. शेजारचे चार म्हातारे आले, तेही बसले. शेवटी पोचूने निकाल दिला. उद्या नाल्याचं पान मांडायचं. नाला जेवला, तर गोठ कायमची बुजली आणि ती उकरली म्हणून सुकरीवर दंड, आग-पाणी बंद. नाला जेवला नाही, तर दंड फिटलाच नाही, आणि मग सुकरी कुणाहीपुढे बोलायला मोकळी.

मी परत खोलीवर गेलेच नाही. सुकरीबाईच्या ओसरीत पडले. ती मात्र गाढ झोपली.

सकाळी समितीच्या गाड्या आल्या. तीन माणसं, एक बाई त्यांची प्रमुख, डोक्याला रुमाल बांधलेली, चांगली वाटली मला. धम्मदीप होता, कंपनीची आणखी दोघं होती, आणि त्यांची जीप घेऊन रोशन आला होता. आईने तोंड उघडू नये म्हणून त्या दिवशी त्याला मुद्दामच जीपवर पाठवलं असणार. धम्मदीप खुशीत होता. नाल्याच्या काठावर उभा राहून तो त्या बाईंना पाणी किती स्वच्छ आहे ते दाखवत होता, आणि खरंच, तळाचा खडा न् खडा दिसत होता. फक्त प्रत्येक खड्यावर लाल साय होती.

बाईंनी विचारलं, गावातलं कुणी बोलणार आहे का? मग पोचू भूमिया पुढे आला आणि त्याच्या मागून सुकरीबाई, हातात पळसाची पत्रावळ, त्यावर भात आणि मटणाचा रस्सा. धम्मदीपने पत्रावळ बघितली आणि त्याचा चेहराच उतरला. त्याने या रिवाजांवर प्रकल्प लिहिला होता. सगळ्या पाहुण्यांत हे काय चाललंय ते एकट्या त्यालाच कळलं.

पोचूने समितीच्या बाईंना हात जोडून मोडक्या हिंदीत सांगितलं, की थोडा थांबा, आमचं एक काम राहिलंय. बाई थांबल्या.

सुकरीबाई गुडघाभर पाण्यात उतरली. पत्रावळीतला भात तिने मुठीने सोडला. पांढरी शितं पाण्यातून खाली गेली आणि तळावर बसली, एकेक शीत दिसत होतं. सगळे बघत राहिले. काठावर एवढी माणसं, आणि कुणाच्या चपलेचासुद्धा आवाज नाही.

मी मनातल्या मनात म्हणत होते, येऊ नका. एकही येऊ नका रे बाबांनो. एक मासा जरी आला तरी ही बाई संपली, वावर संपलं, माझं सगळं संपलं. मी तेवढंच म्हणत होते. आणि मग मी सुकरीबाईच्या तोंडाकडे बघितलं.

तिचे ओठ हलत होते. ती बोलावत होती. माशांना, त्यांच्या गोंडी नावांनी, एकेका जातीला. तिने पुन्हा मूठ भरून भात सोडला. मासे आले असते तर तिची आग बंद, तिचं पाणी बंद, आणि ती हात पुढे करून त्यांना या म्हणत होती. त्या क्षणी मला माझी एवढी शरम वाटली, की मी मान वळवली.

पाण्यात काहीतरी वाजलं. रोशन. पँट वर न करता, बुटांसकट पाण्यात उतरला होता आणि आईच्या बाजूला वाकून पाण्यावर तळहात आपटत होता. थप. थप. थप. थांबून बघायचा, पुन्हा आपटायचा. कंपनीच्या माणसाने काठावरून त्याला हाक मारली. त्याने मागे वळूनही बघितलं नाही.

काही आलं नाही. भात तसाच तळाशी, लाल सायीवर पांढरा, जिथे पडला तिथेच.

पोचू भूमियाने डोक्याचं फडकं काढलं. तो म्हातारा हुंदका देऊन रडला आणि मग म्हणाला, "नाई जेवला."

समितीच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, काय झालं ते सांगा म्हणून. सांगितलं ते धम्मदीपने. हळू आवाजात, नीट, एकही गोष्ट न गाळता, नवं खाण्यापासून बोकडापर्यंत सगळं सांगितलं त्याने, आणि सांगून झाल्यावर जीपपाशी जाऊन सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिला.

सुकरीबाई पाण्याबाहेर आली. लुगड्याच्या ओल्या पदराने तोंड पुसलं, बाईंच्या समोर जमिनीवर बसली. रोशन तिच्या शेजारी बसला, बुटांतून पाणी गळत होतं. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आता लिवा," ती म्हणाली. "आधी मासोळ्यांचं लिवा. माह्या वावराचं मांगून."